सॅप: प्रॉडक्शनला 'फंक्शन मॉड्यूल नॉट फाउंड', बिलं चढवायचे मिरो आणि एफबी६० दोन्ही बंद. क्वालिटीत मात्र चालतंय!

खतावणी (मंगळवार, १८ तारीख, रात्री ९.१२)

मंडळी, नमस्कार. आधीच सांगते, मी अबॅपवाली (सॅपचं प्रोग्रामिंग करणारी) नाही. अकरा वर्षं अकाउंट्समध्ये बिलं चढवली. कंपनीत सॅप आलं तेव्हा "हिला पटकन कळतं" म्हणून मला उचलून एफआय (सॅपमधला हिशेबाचा भाग) सपोर्टच्या खुर्चीत बसवलं. त्यामुळे टेबलं, टी-कोड (मिरो, एफबी६० अशी स्क्रीनची छोटी नावं) कळतात, पण कोडच्या आत शिरले की माझा अभिमन्यू होतो.

आम्ही नाशिकला, गाड्यांचे सुटे भाग बनवतो. सॅपची आवृत्ती ईसीसी ६.०, ईएचपी ८. डेव्ह (कोड लिहायला), क्वालिटी (तपासून बघायला), प्रॉडक्शन (रोजच्या खऱ्या कामाला) अशी नेहमीची तीन सिस्टिम्सची रांग. बेसिस (सिस्टिम सांभाळणारी टीम) बाहेरच्या एजन्सीकडे, तिकीट टाकल्याशिवाय तिथलं पान हलत नाही. अबॅपर कंत्राटी होता, त्याचं कंत्राट गेल्या महिन्यात संपलं.

झालं असं. व्हेंडरचा बिल नंबर पोस्टिंगच्या वेळी आपोआप असाइनमेंट फील्डमध्ये यावा, ही आमच्या खरेदीवाल्यांची जुनी मागणी. खातेउतारा जुळवताना रोज त्यावरून वाद. अबॅपरने एफआयबीएफमधली (सॅपच्या पोस्टिंगला आपला कोड जोडायची जागा) ११२० ही प्रोसेस वापरून एक झेड फंक्शन (म्हणजे आमचं स्वतःचं) बनवलं. क्वालिटीत मी स्वतः २५-३० बिलं टाकून बघितली, व्यवस्थित आलं. काल रात्री प्रॉडक्शनला पाठवलं. बेसिसचा मेल आला: दोन्ही टीआर (बदल एका सिस्टिममधून दुसरीत नेणारी पाकिटं) इम्पोर्ट झाले.

आज सकाळी ९.२० ला स्टोअरमधून पहिला फोन. मिरो सेव्ह केलं की डम्प (प्रोग्राम मधेच कोसळतो). एफबी६० सेव्ह केलं की डम्प. एफ-५३ ने पेमेंट टाकायला गेलो, तिथेही तेच. एसटी२२ मध्ये (डम्पांची यादी) दुपारपर्यंत ११४ डम्प जमले होते, सगळे एकाच नावाचे: कॉल_फंक्शन_नॉट_फाउंड. आणि खाली: फंक्शन मॉड्यूल "झेड_एफआय_११२०_असाइन" नॉट फाउंड.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तेच परत कोणी सुचवणार नाही. लॉगआउट-लॉगइन केलं. दुसऱ्याच्या आयडीने बघितलं. एसयू५३ बघितलं, ऑथरायझेशनचं काही नाही. एसई३७ मध्ये (फंक्शन बघायची स्क्रीन) नाव टाकलं: डेव्हला दिसतं, क्वालिटीत दिसतं, प्रॉडक्शनला "अस्तित्वात नाही". मेलमध्ये तर इम्पोर्ट झाल्याचं लिहिलंय. मग गेलं कुठे?

परवा २० तारीख, जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचं आहे. टूबी (व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांची यादी) १४ ला आलं, त्यात दिसणारी पण आमच्याकडे न चढलेली ६३ बिलं माझ्या टेबलावर गठ्ठा करून ठेवली आहेत. साहेब दर अर्ध्या तासाने येऊन फक्त "काय?" एवढंच विचारतात. बेसिसला पी१ (सगळ्यात तातडीचं) तिकीट टाकलंय, उत्तर आलं की "अॅप्लिकेशन टीमने तपासावे". अॅप्लिकेशन टीम म्हणजे मीच.

पत्रावळ (रात्री ९.३०)

ताई, आमच्याकडे सॅपऐवजी ओरॅकल ई-बिझनेस आहे, तिथे नेमकं असंच येतं: "या रिस्पॉन्सिबिलिटीला हे फंक्शन उपलब्ध नाही." बहुतेक वेळा मेन्यूत ते फंक्शन जोडलेलं नसतं, नाहीतर रिस्पॉन्सिबिलिटीच्या एक्सक्लूजनमध्ये कोणीतरी टाकून ठेवलेलं असतं. सिस्टिम अॅडमिनकडून मेन्यू तपासून घ्या.

जुना खिळा (रात्री ९.५१)

पत्रावळदादा, तुमचं तुमच्या जागी बरोबर, पण ओरॅकलमधलं ते 'फंक्शन' म्हणजे मेन्यूतली एक नोंद, परवानगीचा मामला. इथे फंक्शन म्हणजे कोडचा सदेह तुकडा, आणि तो देहच गायब आहे. शब्द एक, दुखणी दोन.

खतावणीताई, आधी श्वास घ्या. हा डम्प दिसतो भयंकर, पण डम्पांच्या जातीतला हा सगळ्यात प्रामाणिक. जे नाही त्याचं नाव स्वतःच सांगतो.

तो डम्प परत उघडा आणि सोर्स कोडच्या भागात जा, जिथे ओळीच्या डाव्या अंगाला बाण काढलेला असतो. त्या ओळीत 'कॉल फंक्शन'च्या पुढे तुमच्या फंक्शनचं नाव दिसणार नाही, कुठल्याशा टेबलाचं फील्ड दिसेल. आणि कॉल स्टॅक बघितलात तर वर आउटबाउंड_कॉल_००००११२०_पी हे सॅपचं स्वतःचं फंक्शन असेल. म्हणजे तुमच्या झेड फंक्शनला हाक मारणारा कोड सॅपचा आहे आणि कोणाला हाक मारायची ते तो टेबलातून वाचतो. ते टेबल म्हणजे टीपीएस३४, जे तुम्ही एफआयबीएफमध्ये भरलंत.

आता यातली गोम. टीपीएस३४ मधली ओळ कस्टमायझिंग (सेटिंग्जच्या) टीआरने जाते. फंक्शन वर्कबेंच (कोडच्या) टीआरने जातं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे ट्रान्सपोर्ट सिस्टिमला ठाऊक नसतं. वऱ्हाडाच्या दोन बसेस निघाल्या, एक पोचली, दुसरी रस्त्यात. पोचलेल्या बसने जाऊन सांगितलं "नवरदेव आलाय", अक्षता सुरू झाल्या, आणि अंतरपाटामागे कोणीच नाही.

"मग कोड तपासताना हे कळलं कसं नाही?" असं साहेब विचारतील. अबॅपमध्ये फंक्शन बोलावताना त्याचं नाव अवतरणचिन्हात लिहितात. कंपायलरच्या लेखी ती नुसती अक्षरं. फंक्शन खरंच आहे की नाही हे ती ओळ चालेल तेव्हा बघितलं जातं, त्याआधी नाही. अवतरणात सरळ नाव असेल तर एसएलआयएनची विस्तारित तपासणी निदान कुरकुर करते. नाव टेबलातून येत असेल तर तीही मूग गिळून बसते. 'व्हेअर यूज्ड'मध्येही (कुठे कुठे वापरलंय त्या यादीत) काही सापडणार नाही.

तीन गोष्टी बघून सांगा:

पहिली, एसटीएमएसमध्ये (टीआर नेण्याची स्क्रीन) प्रॉडक्शनची इम्पोर्ट हिस्टरी उघडा. मेल विसरा. वर्कबेंच टीआरचा रिटर्न कोड किती आहे ते बघा. ० म्हणजे सुखरूप, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे टीआरमधलं काहीतरी बसलंच नाही.

दुसरी, ८ असेल तर लॉग लाल ओळीपर्यंत उघडा आणि ती ओळ वाचा.

तिसरी, डेव्हला एसई१० मध्ये त्या टीआरची ऑब्जेक्ट लिस्ट उघडा आणि तिथे जे असेल ते जसंच्या तसं इथे लिहा. ही सगळ्यात महत्त्वाची.

आणि एक. तुमच्याकडे कोणी ना कोणी शहाणा निघेल, म्हणेल प्रॉडक्शनचा क्लायंट पाच मिनिटं थेट बदलांसाठी उघडू, तिथेच एसई३७ मध्ये फंक्शन चिकटवू. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. आजची रात्र निभेल, पण उद्या खरा टीआर आला की दोन्ही एकमेकांच्या उरावर बसतील, आणि मार्चमध्ये ऑडिटर विचारेल की प्रॉडक्शन कोणी, का उघडलं.

खतावणी (रात्री १०.२४)

काका, तुम्ही इथे नाशकात असता तर डबा पाठवला असता.

बाण सापडला. खरंच तिथे नाव नाही, काहीतरी डॅश फंक्ट असं फील्ड आहे. हा डम्प मी सकाळपासून वीस वेळा उघडला असेन आणि त्या भागापर्यंत एकदाही स्क्रोल केलं नाही. वरचं वाचूनच धडकी भरत होती.

हिस्टरी: माझा कस्टमायझिंग टीआर ०, हिरवा. वर्कबेंच टीआर ८, लाल. आणि मेलमध्ये "सक्सेसफुली"! त्या माणसाला आत्ता फोन करणार होते, पण म्हटलं आधी तुम्हाला उत्तर देऊ.

लॉगमध्ये लाल ओळींचा पसारा आहे. त्यातून मला एवढंच कळलं की एसएपीएलझेडएफआय_बीटीई नावाचा प्रोग्राम मिळत नाही असं काहीतरी म्हणतोय. हे नाव मी कधी ऐकलेलंही नाही.

ऑब्जेक्ट लिस्टमध्ये एकच ओळ:

लिमू फंक झेड_एफआय_११२०_असाइन

बस्स. लिमू वाचून इतक्या ताणातही हसू आलं.

जुना खिळा (रात्री १०.४९)

त्या लिमूनेच घात केलाय. फंक्शन मॉड्यूल कधी एकटं राहत नाही, ते एका फंक्शन ग्रुपमध्ये राहतं. ग्रुप म्हणजे चाळ, फंक्शन म्हणजे त्यातली एक खोली. चाळीचा जिना, सामाईक नळ, मीटरची पेटी हे सगळं ग्रुपच्या मुख्य प्रोग्राममध्ये असतं. तोच तुम्हाला लॉगमध्ये दिसलेला एसएपीएलझेडएफआय_बीटीई. 'एसएपीएल'च्या पुढे ग्रुपचं नाव, म्हणजे तुमचा ग्रुप झेडएफआय_बीटीई. त्याच्या पोटात टॉप इन्क्लूड, सगळ्या फंक्शनांची यादी ठेवणारं यूएक्सएक्स इन्क्लूड, आणि मग यू०१, यू०२ अशा खोल्या.

अबॅपर नवीन ग्रुप बनवतो तेव्हा टीआरमध्ये 'आर३टीआर फुगर' अशी नोंद होते, म्हणजे अख्खी चाळ. तो टीआर एकदा रिलीज झाला आणि नंतर त्याने फंक्शनमध्ये छोटी दुरुस्ती केली की नव्या टीआरमध्ये फक्त 'लिमू फंक' पडतं, म्हणजे एका खोलीचं सामान. तुमच्या हातात आहे तो हा दुसरा टीआर. पहिला, चाळीचा, क्वालिटीत कधीच गेलेला असणार, म्हणून तिथे सगळं चाललं. प्रॉडक्शनला तो गेलाच नाही. टेम्पोवाला सामान घेऊन पत्त्यावर पोचला, तर तिथे मोकळा प्लॉट.

पहिला टीआर शोधायचा सोपा मार्ग: डेव्हला एसई०३, त्यात 'रिक्वेस्टमध्ये ऑब्जेक्ट शोधा' असा पर्याय आहे. तिथे आर३टीआर, फुगर, झेडएफआय_बीटीई टाका. एसई०३ ला ऑथरायझेशन नसेल तर एसई१६ मध्ये ई०७१ टेबल उघडून तेच शोधा.

तो सापडला की घाई करू नका. इथून पुढे रस्ता फुटतो.

एक मार्ग असा की जुना चाळीचा टीआर प्रॉडक्शनला घ्यायचा आणि त्यावर लिमूवाला पुन्हा घ्यायचा. 'पुन्हा' हा शब्द अधोरेखित करा. टीआर ज्या दिवशी रिलीज होतो त्या दिवशीचा कोड त्याच्या फाइलमध्ये गोठतो. नुसता जुना घेतलात तर डम्प थांबेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि फंक्शन मात्र दुरुस्तीच्या आधीचं चालेल. ते डम्पपेक्षा वाईट, कारण ते दिसत नाही.

दुसरा मार्ग, डेव्हला नवीन टीआर काढून त्यात आख्खा ग्रुप घालायचा. एकच टीआर, क्रमाची भानगड नाही. बेसिसवाल्यांना हाच आवडतो. पण त्या ग्रुपमध्ये अबॅपरने आणखी काही अर्धवट ठेवलं असेल तर तेही आजच्या स्थितीत उचललं जाईल. आणि एका खोलीतल्या सिंटॅक्स एररने सगळी चाळ बसते: ग्रुप एकत्र जनरेट होतो, त्यात कुठेही चूक असली की चांगलं फंक्शनसुद्धा चालत नाही. तेव्हा आधी एसई८० मध्ये ग्रुप उघडून आत कोण कोण राहतं ते बघा.

आज रात्रीत दोन्ही जमत नसेल तर तिसरा, पळवाटीचा मार्ग: डेव्हला टीपीएस३४ मधली ती ओळ काढा, कस्टमायझिंग टीआर करा, तेवढाच प्रॉडक्शनला न्या. हाक मारणं बंद, डम्प बंद. असाइनमेंट येणार नाही, पण तुमची ६३ बिलं चढतील. असाइनमेंटवाचून कंपनी इतकी वर्षं चाललीच आहे.

पूलवाला (रात्री ११.०५)

मधेच तोंड घालतो. खिळेकाकांनी सांगितलं ते सॅपच्या आतलं. पण हीच एरर बाहेरून आली की तिचा चेहरा इतका बदलतो की ओळखूच येत नाही. पुढेमागे कोणी शोधत इथे आलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

मी हिंजवडीत, जावामधून सॅपला जोडणारी मिडलवेअर लिहितो. ई-इन्व्हॉइस ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, १ ऑगस्ट २०२३ पासून, तेव्हा अशा जोडण्यांची रांगच लागली होती. सॅपमधून बिल उचलायचं, पोर्टलला पाठवायचं, आलेला आयआरएन (पोर्टलने दिलेला बिलाचा ओळख नंबर) परत सॅपमध्ये झेड फंक्शनने लिहायचा. एका सोमवारी टेस्टिंगला सगळं बंद. लॉगमध्ये फक्त नल पॉइंटर एक्सेप्शन. 'फंक्शन नाही' असा शब्दच कुठे नाही! कारण जेसीओच्या (जावामधून सॅपला हाक मारणारी लायब्ररी) रिपॉझिटरीकडे फंक्शन मागितलं आणि ते नसलं तर ती ओरडत नाही, गुपचूप नल (म्हणजे 'काहीच नाही') परत देते. आमच्या पोराने तो तपासलाच नव्हता, सरळ त्यावर पॅरामीटर चढवायला गेला. आम्ही दिवसभर जावाचा कोड कुरतडत बसलो.

खरं कारण काय, तर शनिवार-रविवारी क्वालिटी रिफ्रेश झाली होती, प्रॉडक्शनची ताजी प्रत तिच्यावर ओतली होती. आमचं फंक्शन अजून प्रॉडक्शनला गेलंच नव्हतं, त्यामुळे रिफ्रेशमध्ये पाटी कोरी. रिफ्रेशच्या आधी, जे टीआर क्वालिटीत आहेत पण प्रॉडक्शनला नाहीत त्यांची यादी काढून ठेवायची असते आणि नंतर ते परत चढवायचे असतात. ती यादी कोणी काढली नव्हती.

अजून एक. फंक्शन असतं, पण त्याच्या अॅट्रिब्यूट्समध्ये 'रिमोट-एनेबल्ड' निवडलेलं नसतं. बाहेरून हाक मारली की तेही चालत नाही. पण त्याची एरर वेगळी असते, ती 'नॉट रिमोट' म्हणते. दोन्हींची गल्लत करू नका.

रात्रपाळी (रात्री ११.२६)

मी बेसिसचा. ताईंच्या एजन्सीतला नाही, पण त्या मेलची गोष्ट सांगतो, राग मानू नका. बऱ्याच ठिकाणी तो मेल माणूस लिहीतच नाही. इम्पोर्टचा जॉब संपला की साचा जातो. जॉब संपला हे खरंच असतं. टीआर पास झाला की नापास, हे तो साचा बघत नाही. आमच्याकडेही असंच होतं, मी भांडून रिटर्न कोड विषयाच्या ओळीत घालून घेतला.

ताई, तिकिटात नुसतं "डम्प येतोय" लिहिलंत तर बेसिसवाला परतच पाठवणार, कारण डम्प अॅप्लिकेशनचा आहे. त्याला जे करायचं आहे ते लिहा: अमुक टीआर प्रॉडक्शनच्या क्यूमध्ये (इम्पोर्टच्या रांगेत) आधी, तमुक टीआर त्यानंतर पुन्हा जोडावा. दुसरा एकदा इम्पोर्ट झालेला असल्यामुळे आपोआप क्यूत येणार नाही, तो हाताने जोडावा लागेल, आणि इम्पोर्ट करताना पर्यायांच्या टॅबवर 'पुन्हा इम्पोर्ट करा'ची खूण लागेल. दोन्ही एकत्र निवडून सोडू नका. पहिला झाला, लॉग बघितला, मग दुसरा.

आणि सहसा भर दिवसा प्रोग्राम इम्पोर्ट करू नये, चालू असलेली कामं मधेच पडतात. पण तुमच्याकडे पोस्टिंग बंदच आहे, पडायला उरलंय काय. आत्ताच करून घ्या.

खतावणी (बुधवार, १९ तारीख, सकाळी ८.१५)

झालं. बिलं चढायला लागली. आधी तेवढं सांगते, मग बाकीचं.

एसई०३ मध्ये टाकल्याबरोबर जुना टीआर मिळाला, मे महिन्यातला. क्वालिटीत गेलेला, प्रॉडक्शनला नाही. का नाही गेला ते रात्री बारा वाजता कळलं आणि मी कपाळ बडवून घेतलं. आमच्याकडे गो-लाइव्हची एक एक्सेल आहे, त्यात सगळे टीआर क्रमाने लिहिलेले. तो टीआर त्यात आहे, ओळ ४१. पण कोणीतरी तारखेच्या कॉलममध्ये जून-जुलैचा फिल्टर लावून ठेवला होता, आणि बेसिसला पाठवताना जे दिसत होतं तेवढंच कॉपी झालं. कोणीतरी म्हणजे कोण, हे मी इथे सांगणार नाही. अकरा वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या बाईने ओळींचे नंबर ३८ वरून ४५ वर उडी मारतायत हे बघायला हवं होतं, एवढंच म्हणते.

मग एसई८० मध्ये चाळ बघितली. काका, तुमची शंका खरी निघाली. दोन खोल्या आहेत. दुसऱ्या खोलीत झेड_एफआय_१०३०_मेल नावाचं काहीतरी आहे, पोस्टिंगनंतर मेल पाठवण्यासाठी असावं. मी मुद्दाम सिंटॅक्स चेक दाबलं: एरर. एक व्हेरिएबल लिहिलंय आणि पुढे नुसती टिंबं. म्हणजे बेसिसवाल्याच्या आवडीचा मार्ग घेतला असता तर आज सकाळी याहून मोठा गोंधळ होता. आणि तो तेच सुचवत होता! फोनवर म्हणाला, "मॅडम, पूरा ग्रुप डाल दो ना, एक ही बार में हो जाएगा." मी म्हटलं नाही, आधी जुना, मग नवा, आणि प्रत्येक वेळी लॉग मला दाखवायचा. तिकिटात रात्रपाळी दादांनी सांगितलं तसंच शब्दन् शब्द लिहिलं होतं, त्यामुळे त्याला परत पाठवता आलं नाही.

१२.५० ला जुना गेला: ४. माझ्या पोटात गोळा, पण लॉग उघडला तर एका टेक्स्टच्या भाषांतराचा इशारा, बाकी काही नाही. १.०५ ला लिमू पुन्हा: ०. एसई३७ मध्ये प्रॉडक्शनला नाव टाकलं आणि फंक्शन उघडलं. आत कोड आहे की नाही हे बघायला मी खाली स्क्रोल केलं, आणि दुरुस्तीची ओळ, अबॅपरच्या इनिशियल्सची कॉमेंट असलेली, तिथे होती. जुनं नाही, नवंच.

सकाळी ७.४० ला पहिलं बिल, कटिंग ऑइलचं, १८,८८० रुपयांचं. सेव्ह. नंबर आला. एफबी०३ ने उघडलं, व्हेंडरच्या ओळीत असाइनमेंटला बिल नंबर. साहेब मागे उभे होते. यावेळी "काय?" नाही म्हणाले.

एक शंका राहिली. कालच्या सगळ्या डम्पांमध्ये डॉक्युमेंट नंबर वाया गेले असतील का? ऑडिटर सुटलेले नंबर विचारतो.

जुना खिळा (सकाळी ९.०२)

एफआयच्या मालिकेची काळजी नको. तिला बफर (आगाऊ उचलून ठेवलेले नंबर) नसतो, कामच रोलबॅक (रद्द) झालं की नंबरही मागे येतो. मिरोच्या स्वतःच्या इन्व्हॉइस नंबरांना मात्र बफर असतो, तिथे नंबर सुटलेले दिसू शकतात, आणि ते डम्प न येताही पडतात. आत्ताच एसटी२२ ची कालची यादी प्रिंट करून फाइलला लावून ठेवा. डम्प कायम राहत नाहीत, काही दिवसांनी साफ होतात. ऑडिटर येईल तेव्हा दाखवायला काही नसेल.

कोड खाली स्क्रोल करून बघितलात, हे आवडलं.

आता ती दुसरी खोली. १०३० चं फंक्शन कुठल्या टीआरमध्ये आहे आणि तो तुमच्या एक्सेलमध्ये आहे का? आणि टीबीई३४ मध्ये (१०३० साठी टीपीएस३४ सारखंच टेबल) कोणी त्याची ओळ टाकून ठेवली आहे का? ११२० ला एकच फंक्शन लावता येतं, म्हणून ते लगेच सापडलं. १०३० ला कितीही लावता येतात.

खतावणी (सकाळी १०.३८)

टीबीई३४ मध्ये डेव्हला ओळ आहे. प्रॉडक्शनला नाही, सुदैवाने.

एक्सेलमध्ये त्याचा टीआर नाही, फिल्टर काढूनसुद्धा नाही. एसई१० मध्ये गेलेल्या अबॅपरच्या आयडीने बघितलं: तो टीआर अजून उघडाच आहे, आणि त्याच्यासोबत आणखी ७. दोन तर गेल्या दिवाळीच्या आधीचे. एकाचं वर्णन नुसतं "टेस्ट २".

६३ मधली ५१ बिलं राहिलीत. ती आज संपवते. उद्या थ्रीबी गेलं की त्या आठांना घेऊन बसते. काका, तेव्हा इथेच येईन, नवा धागा काढत नाही.